क्योटो सकाळचं, ओसाका संध्याकाळचं

पत्र असं आहे:

"ताई, दिवाळीनंतर लगेच नऊ रात्रींसाठी आम्ही चौघं जपानला निघालोय. यांना टोकियो आणि बुलेट ट्रेन, एवढं झालं तरी पुरे. मुलगा २० वर्षांचा, त्याला ओसाकाचं युनिव्हर्सल स्टुडिओज आणि रस्त्यावरचं खाणं. मला क्योटो. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांचं एकच म्हणणं, 'मला उपाशी ठेवू नका.' त्यांना अंडं चालत नाही, कांदा-लसूणही नाही. गुडघे दुखतात, पण हळूहळू चालतात. यांना आणि मुलाला मासे-चिकन चालतं, बीफ-पोर्क नको. एका टूरवाल्यानं टोकियो, फुजी, नागोया, क्योटो, ओसाका, हिरोशिमा असा पाच हॉटेलांचा कार्यक्रम पाठवलाय. दुसरा म्हणतो, टोकियोतच राहा, सगळी शहरं सारखीच. कुठलं शहर धरू, कुठलं सोडू? — चौघांत अडकलेली, पुणे"

ताई,

आधी तो पाच हॉटेलांचा कागद बाजूला ठेवा. जपानी हॉटेलं सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करायला लावतात आणि पुढचं हॉटेल दुपारी तीनच्या आत सहसा खोली देत नाही. म्हणजे प्रत्येक बदलीला मधले चार-पाच तास तुम्ही बॅगांचे हमाल. पाच हॉटेलं म्हणजे चार वेळा हे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतील ते देवळाच्या पायऱ्यांवर नाही, या बदल्यांमध्ये.

"सगळी शहरं सारखीच" म्हणणारे गृहस्थ बहुधा फक्त स्टेशनांवर उतरले असावेत. स्टेशनं खरंच सारखी दिसतात. शहरं अजिबात नाहीत, आणि त्यांच्यातला फरक प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत शोधून सापडत नाही. मी पुण्यात जपानी शिकले, मग दुभाषी म्हणून बरीच वर्षं आपल्याकडच्या मंडळींना घेऊन तिकडे जात होते. त्या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट लक्षात आली. कुठल्या शहरात काय बघायचं याची चर्चा लोक महिनाभर करतात. संध्याकाळी पाचनंतर तिथे काय करायचं, हे कुणी विचारत नाही. क्योटोतल्या बहुतेक देवळांची दारं चार-पाचला मिटतात, नोव्हेंबरात अंधारही पाचच्या सुमारास पडतो. मग सहा वाजता चौघं हॉटेलच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसतात. ओसाकात त्याच वेळी दिवस सुरू होतो. म्हणून माझा हिशेब असा: क्योटो सकाळचं, ओसाका संध्याकाळचं, आणि टोकियो दिवसभराचं, पण तुकड्या-तुकड्यानं.

नऊ रात्री अशा वाटा. टोकियोत तीन, ओसाकात पाच, आणि ओसाकाच्याच मधली एक रात्र कोयासान या देवळांच्या डोंगरावर. क्योटोला जायचंय, पण राहायचं नाही. विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाहून परत निघणारं घ्या. परतीला सिंगापूर किंवा बँकॉकला विमान बदलावं लागेल, पण उलटा प्रवास करून टोकियोला यायचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

आता टोकियो. तुमच्या यजमानांचं शहर. राहायला उएनो बघा, नारिता विमानतळावरून थेट गाडी येते. टोकियो म्हणजे एक शहर नव्हे, स्टेशनांभोवती वसलेली वीस-पंचवीस गावं आहेत, आणि एका दिवसात दोनच गावं करायची. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. मी, भाषा येणारी बाई, तिथे पाऊण तास चुकलेली आहे, तेही मागे सहा पाहुणे घेऊन. तिथे गेलात तर सरकारी कचेरीच्या जुळ्या मनोऱ्यात जा. ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर गच्चीसारखी जागा आहे आणि तिकीट नाही. हवा स्वच्छ असली तर फुजीही दिसतो. ६३४ मीटरच्या स्कायट्री मनोऱ्यावर जायचा यांचा हट्ट असेल तर जाऊ द्या, पण चौघांचं तिकीट काढून सगळ्यांनी जायची गरज नाही.

असाकुसाला मात्र चौघांनी जा. सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यांत जुनं देऊळ. दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती आली अशी त्याची कथा. गर्दी भयंकर असते. पण तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन नावाचं एक छोटं देऊळ टेकाडावर आहे, तिथे फारसं कुणी फिरकत नाही. तिथला देव कांगितेन. म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. मूर्ती झाकलेली असते, दर्शन नाही. आणि नैवेद्याला मोदक नाही, मुळा! पांढरा, मनगटाएवढा जाड मुळा, देवळातच विकत मिळतो. एका पुणेकर आजींनी तो मुळा वाहिला आणि परत येताना मला हळूच विचारलं, "याला दूर्वा नाही का गं चालत?" सासूबाईंना तिथे नक्की न्या.

टोकियोतलं खाणं जगातल्या कुठल्याही शहराला भारी आहे, पण ते शोधून खायचं शहर आहे. रस्त्यावर चालता चालता पोट भरेल असं नाही. पुरुषमंडळींना त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात सोडा. घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण बाहेरची दुकानं, सुशी, भाजलेले शिंपले, सगळं जागेवर आहे. सकाळी जायचं, दुपारी तिथे आवराआवर होते. शाकाहाराच्या बाबतीत मात्र टोकियो तिन्ही शहरांत सोपं. टोकियो स्टेशनच्या तिकीट-फाटकाच्या आत 'टीज तानतान' नावाचं पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे. ओसाकाची गाडी पकडायच्या आधी तुम्ही तिथे जेवू शकाल. सासूबाईंना ते चालणार नाही, कांदा-लसूण असतो. निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथूनच आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते. डाळ-तांदूळ, पोळ्या, मसाले तिथल्या दुकानांत मिळतात. पहिल्या दोन दिवसांत सासूबाईंचा धीर सुटला तर हा पत्ता उपयोगी.

आणि आता 'दाशी'. हा शब्द पाठ करून ठेवा, कारण तुमच्या सहलीचा खरा शत्रू हाच. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस उकळून गाळलेलं. ते मिसो सूपमध्ये असतं, उडोन नूडल्सच्या रश्श्यात असतं, भोपळ्याच्या भाजीतही असतं. जपानी माणसाच्या लेखी तो मासा नव्हेच, तो स्वाद. मी नवी असताना एका जैन पाहुण्यांसाठी साध्या उडोनच्या दुकानात "मांस नको, मासे नको" असं चांगल्या जपानीत सांगितलं. दुकानदारानं प्रामाणिकपणे मान डोलावली, वाटी आली, पाहुण्यांनी आवडीनं रस्सा संपवला. मागे बघते तर भिंतीजवळ माशाच्या किसाची पोती. मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. आजही मनात आहे. म्हणून वाक्य असं म्हणायचं: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस." मांस, मासे खात नाही, दाशीही चालत नाही. समोरच्याचा चेहरा पडला, तो दात-ओठांतून श्वास आत ओढायला लागला, की समजायचं इथे जेवण नाही. आभार मानून निघायचं. यांच्यासाठी आणि मुलासाठी दुसरे दोन शब्द: 'बुता' म्हणजे डुक्कर, 'ग्यू' म्हणजे गाय-बैल. हाकाता रामेनचा पांढरट रस्सा डुकराच्या हाडांचा असतो, आणि जपानी करीच्या तयार मसाल्यात बहुधा चरबी असते. "वर चिकन घातलंय" एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

चौथ्या दिवशी बुलेट ट्रेन. ही गाडी १ ऑक्टोबर १९६४ला, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, सुरू झाली, आणि यांनी खिडकीला नाक लावून बसावं अशीच आहे. 'नोझोमी' अडीच तासांत शिन-ओसाकाला पोचवते. भाडं माणशी चौदा हजार येनच्या घरात. १०० येन म्हणजे साठ रुपयांच्या आत-बाहेर, हिशेब करा. सगळे सांगतात तो सात दिवसांचा रेल्वे पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० वर गेली, तुमच्या एका फेरीसाठी तो निव्वळ तोटा. सीट 'ई' मागा. ती उजवीकडची खिडकी. टोकियो सोडल्यावर पाऊण तासात तिथून फुजी दिसतो, ढग नसले तर. फुजीसाठी वेगळा दिवस द्यायचा नाही असं मी यासाठीच म्हणते. तो डोंगर लहरी आहे, दिवसभर बसनं जाऊन ढग बघून आलेले लोक मला माहीत आहेत. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी टोकियोच्या हॉटेलातूनच ओसाकाच्या हॉटेलात पाठवून द्या, ती सोय सगळीकडे असते आणि सामान सहसा दुसऱ्या दिवशी पोचतं.

नागोया गाळा. तिथलं वैशिष्ट्य ईल मासा, कोंबडीचे पंख आणि मिसोतलं पोर्क, तुम्हा दोघींना उपयोग शून्य. हिरोशिमाही यावेळी नको. जायलाच हवं असं ते गाव आहे, पण ते दोन तासांत उरकायचं आणि मग युनिव्हर्सलच्या झोपाळ्यात बसायचं, हे मला सहन होत नाही.

ओसाकात नाम्बा भागात राहा. कारण सांगते. कोयासानची गाडी नाम्बाहून सुटते, विमानतळाची तिथूनच, नाराची तिथूनच. दोतोनबोरीचा कालवा चालत पाच मिनिटांवर. क्योटोसाठी भुयारी रेल्वेनं योदोयाबाशीला जायचं आणि केइहान कंपनीची गाडी धरायची. बहुतेक लोक क्योटोत उतरून बसच्या रांगेत उभे राहतात आणि क्योटोला शिव्या घालतात. केइहानची लाईन नदीकाठानं जाते आणि तुम्हाला हवं ते जवळजवळ सगळं तिच्यावर आहे. फुशिमी इनारीचं देवस्थान, मग शिचिजोचं स्टेशन, मग किओमिझूचं देऊळ, मग गिओनची जुनी वस्ती.

जायचं मात्र पहाटे, दोन वेगवेगळ्या दिवशी. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही. त्या हजारो लाल कमानी, फोटोत माणूस एकही नाही, असं तुम्हाला हवं असेल तर सातच्या आत. डोंगर पूर्ण चढायची गरज नाही, सासूबाईंना पहिल्या वळणापर्यंत नेऊन खाली चहा पाजा. किओमिझू सकाळी सहाला उघडतं. दरीवर काढलेला तो लाकडी सज्जा १३ मीटर उंच. जपानीत एखाद्यानं मागचा-पुढचा विचार न करता मोठी उडी घेतली की "किओमिझूच्या सज्जावरून उडी मारली" म्हणतात. दहा वाजले की त्याच वाटेवर धक्काबुक्की सुरू होते, तेव्हा तुम्ही उतरायला लागायचं.

तिथून शिचिजोला सान्जूसान्गेनदो. माझ्या मते क्योटोतली पहिली जागा हीच, किंकाकुजीचा सोनेरी मंडप दुसऱ्या नंबरवर. (तो मंडप १९५० मध्ये एका तरुण भिक्षूनं जाळला होता, आत्ताचा १९५५चा आहे. दिसतो सुंदर, पण रांगेत लांबून बघायचं आणि पुढे सरकायचं.) सान्जूसान्गेनदो म्हणजे १२० मीटर लांबीचा लाकडी दालनवजा मंडप, आणि आत कान्नोनच्या १००१ मूर्ती ओळीनं उभ्या. त्यांच्यापुढे २८ रक्षक देव. त्यांची नावं वाचत जा: इंद्र, ब्रह्मा, गरुड. गरुड तर चक्क बासरी वाजवतोय. आत फोटो काढायला बंदी आहे, म्हणून लोक खरंच बघतात. जमीन सपाट, पायऱ्या नाहीत, सासूबाईंना घाई करू नका.

क्योटोतलं जेवण दुपारी घ्या. आराशियामाला तेनर्‍यूजी देवळाच्या आवारात 'शिगेत्सु' नावाची भोजनशाळा आहे, तिथे 'शोजिन र्‍योरी' मिळते, भिक्षूंचं जेवण. आणि ताई, इथे तुमचा प्रश्न सुटतो. शोजिनमध्ये मांस-मासे नाहीतच, पण कांदा, लसूण, पातीचा कांदाही वर्ज्य. दाशी शेवाळाची आणि मशरूमची. आपल्या चातुर्मासाचे नियम, पण बारा महिने. नान्झेनजीजवळचं 'युदोफू', म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, फार नाव कमावून आहे. त्यात फसवणूक अशी की टोफू शुद्ध असतं, बरोबर बुडवायला दिलेल्या सॉसमध्ये दाशी निघते. ताटात येईल ते 'युबा' मात्र चुकवू नका, सोयाबीनच्या दुधावरची साय ती. सासूबाईंना नाव नका सांगू, साय म्हणा.

दुपारी तीनला क्योटो सोडा. तासाभरात नाम्बा, थोडी झोप, आणि मग संध्याकाळ.

ओसाकाला बघण्यासारखं फार नाही, हे मी कबूल करते. किल्ला हिदेयोशी या सरदारानं १५८३ मध्ये बांधायला घेतला, पण आजचा मनोरा १९३१चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट आहे. आपल्या गडांवर चढलेल्या माणसाला ती लिफ्ट बघून हसू येतं. बाहेरून खंदक बघा, पुरे. ओसाका हे खायचं आणि बोलायचं गाव. क्योटोकर कपड्यांवर बरबाद होतो आणि ओसाकाकर खाण्यावर, अशी तिकडची म्हण आहे. 'कुइदाओरे' हा शब्द तिथूनच आला. व्यापाऱ्यांचं शहर, माणसं मोठ्यानं बोलतात, हसतात, तुमच्या ताटात काय आहे विचारतात. टोकियोच्या गाडीत आपलं कुटुंब गप्प बसून अवघडतं, ओसाकात ते सुटतं.

मुलाला ताकोयाकीच्या गाडीवर सोडा, आपल्या आप्प्यांच्या साच्यासारख्या साच्यात ऑक्टोपसचा तुकडा घालून परततात. आतून निखाऱ्यासारखा गरम असतो, एकदम तोंडात टाकू नको म्हणावं. ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाडजूड धिरडं, समोरच्या तव्यावर होतं. त्यात अंडं असतं, पिठात बहुधा दाशी, वर पोर्क आणि माशाचा कीस. तुम्ही अंडं खात असाल आणि पिठातली दाशी चालवून घेणार असाल तर 'बुता-नुकी, कात्सुओबुशी-नुकी' म्हणा. 'नुकी' म्हणजे वगळून. शिन्सेकाईत कुशीकात्सु खातात, काडीवर तळलेलं काहीही, कमळकाकडीपासून कोळंबीपर्यंत. तिथला जुना नियम सासूबाईंना मनापासून पटेल: सॉसच्या सामायिक भांड्यात काडी एकदाच बुडवायची. चावून झाल्यावर पुन्हा बुडवलीत तर दुकानदार ओरडतो. उष्टं ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही असा परदेश मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यांनी तिथे खायचं मात्र काही नाही, तेल एकच असतं. त्यांच्यासाठी त्या संध्याकाळी हॉटेलात भात आणि तुमच्या बॅगेतलं मेतकूट.

मुलगा युनिव्हर्सलला जाईल त्या दिवशी तुम्ही तिघं नाराला जा, नाम्बाहून पाऊण तास. तोदाइजीतला पंधरा मीटरचा बुद्ध इ. स. ७५२ मध्ये प्रतिष्ठापित झाला, तेव्हा त्याचे डोळे रंगवायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं केला होता. बाहेर हरणं बिस्किटं मागायला येतात, आणि सासूबाईंचा पदर ओढतील, सांभाळा.

राहिली कोयासानची रात्र. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलात ठेवून, एका पिशवीनिशी निघायचं. नाम्बाहून दीड तास गाडी, मग पाच मिनिटं डोंगरावर चढणारी केबल कार. साधारण ८०० मीटर उंचीवर, कुकाई या आचार्यांनी इ. स. ८१६ च्या सुमारास वसवलेलं देवळांचं गाव, आणि त्यातल्या पन्नासेक देवळांत राहता येतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला खोलीत शोजिनचं ताट येतं: तिळाचं टोफू, गोठवून वाळवलेलं कोया-टोफू, तळलेल्या भाज्या. कांदा नाही, लसूण नाही, कुणाला काही विचारायचं नाही. देवराईसारख्या उंच सीडरच्या झाडांमधून ओकुनोइनच्या समाध्यांपर्यंत वाट जाते. दगडांवरची सिद्धम लिपीतली अक्षरं नीट बघा, ती आपल्या देवनागरीच्या नात्यातली आहेत. तिथले भिक्षू 'अ' या एका अक्षरावर ध्यान करायला शिकवतात. आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे आणि आत्ताचे आपले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

तुमच्या तारखांना कोयासानवर पानं लाल झालेली असतील, क्योटोला अजून पंधरा दिवस असतात. थंडी मात्र कडक, नुसत्या स्वेटरवर भागणार नाही. झोपायला जमिनीवरची गादी असते, जेवणही खाली बसून. आरक्षण करताना खुर्ची आणि उंच पलंग मागून घ्या. काही देवळांत मिळतो, काहींत नाही. मिळाला नाही तर दुसरं देऊळ बघा, सासूबाईंना 'एकच रात्र आहे' असं सांगून गप्प करू नका.

जपानी बाग राहिली असं वाटत असेल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्याच गावात आहे. ते ओकायामाच्या कोराकुएनवरून केलंय. मूळ बाग शिन-ओसाकाहून बुलेट ट्रेननं पाऊण तासावर. ओसाकाचा एखादा दिवस मोकळा राहिला तर जाऊन दोन्हींची तुलना करून या, पुणेकराला याहून आवडीचं काम नाही.

एक शेवटचं. ओसाकाच्या आजीबाईंच्या पिशवीत चघळायच्या गोड गोळ्या असतात. त्या गोळ्यांना त्या लाडानं 'अमे-चान' म्हणतात आणि गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतात. सासूबाईंना कुणी दिली तर घ्यायची, नाही म्हणायचं नाही. त्यांच्या पर्समध्ये आवळासुपारी असेलच, ती पुढे करायची.